दोघांचे दोन तास

मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. २६-२७ वर्षांची एक विवाहिता डोके दुखते म्हणून दोन महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) पहिल्या खेपेला रक्तदाब पाहिला होता, तो ठीक होता. दुसऱ्या खेपेला डोळे तपासून घ्यायला सांगितले, नंबर निघाला नाही. हिमोग्लोबिन मात्र ९.५ होते, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या खेपेला तिच्यासोबत नवरा आला होता. कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा सरळ स्वभावाचा मुलगा. दोन खोल्यांचे घर, घरात सासू-सासरे, धाकटा दीर आणि दोन वर्षांचे मूल.

मी सहज विचारले, "दोघेच बाहेर कधी गेला होतात?"

तो ओशाळला. म्हणाला, "डॉक्टर, कसं जाणार? आता दोघांनी जायचं म्हणजे दोन-तीन हजार लागतात. लग्नाच्या वाढदिवसाला पवना धरणाला तंबूत गेलो होतो, त्याचे हप्ते आत्ता कुठे फिटले."

ती इतका वेळ गप्प होती. खाली बघतच म्हणाली, "मी कधी मागितले होते दोन हजार? त्या रात्रीसुद्धा हे फोटोच काढत होते, नाहीतर बिलाची चिंता करत होते."

आजच्या लेखाचा विषय मला या एका वाक्याने दिला.

कामशेतसारख्या गावात गेली २८ वर्षे मी जनरल प्रॅक्टिस करतो आहे. सर्दी-खोकला, जुलाब, मधुमेह यांच्या जोडीला एक मोठा वर्ग असा असतो, की ज्यांच्या तपासण्यांत फारसे काही सापडत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, पित्त खवळते. हे दुखणे खोटे नसते. तो त्रास त्या माणसाला खरोखर होत असतो. पण जरा वेळ देऊन विचारले, की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : घरात बोलायला कोणी नाही. आणि घरात तर सहा माणसे असतात! नवरा-बायको एका छपराखाली राहतात, पण 'गॅस संपला', 'फी भरली का' आणि 'आईची औषधे आण' यापलीकडे त्यांचे बोलणेच होत नाही. पुरुष हे असे सांगत नाहीत. ते दार लोटून घेतात आणि हळूच ताकदीच्या गोळ्या मागतात. मधुमेह, रक्तदाब, दारू, तंबाखू ही कारणे तपासावीच लागतात आणि ती मी तपासतो. पण ज्या दोघांनी सहा महिन्यांत निवांत दहा मिनिटे गप्पा मारलेल्या नाहीत, त्यांना गोळी तरी किती पुरणार?

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे आपण नेहमी म्हणतो. ते मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यांनी ४२ जोडपी घेतली. प्रत्येकाच्या हातावर फोडासारख्या लहान जखमा मुद्दाम केल्या आणि त्या भरायला किती वेळ लागतो ते पाहिले. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एकमेकांविषयी कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा इतरांच्या मानाने सुमारे ६० टक्के वेगानेच भरल्या. म्हणजे घरातली धुसफूस कातडीपर्यंत पोचते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेला दुसरा एक अभ्यास आहे. सुरुवातीला ७२४ मुलगे आणि तरुण निवडले आणि त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवले. ऐंशीव्या वर्षी कोणाची प्रकृती चांगली राहील, याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जेवढा आला नाही, तेवढा नात्यातल्या समाधानावरून आला. आम्ही डॉक्टर मंडळी कोलेस्टेरॉलचा कागद न चुकता मागतो, दुसऱ्या गोष्टीची चौकशी मात्र करत नाही.

आता पैशांकडे वळू. आपण मावळातले लोक एका विचित्र जागी राहतो. मुंबई-पुण्याचे लोक दोन दिवस बरोबर घालवण्यासाठी ज्या डोंगरांकडे, धबधब्यांकडे आणि धुक्याकडे धावतात, ते आपल्या मागच्या दारात आहेत. त्यांच्यासाठी इथे बंगले, रिसॉर्ट, तंबू, मेणबत्तीच्या उजेडातली जेवणे असा मोठा बाजार उभा राहिला. त्यावर आपल्यातल्याच अनेकांची चूल पेटते, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण झाले असे, की परगावच्या पाहुण्याचा खर्च पाहून आपल्या पोरांना वाटू लागले, की बायकोवरचे प्रेम दाखवायचे तर एवढा खर्च केलाच पाहिजे. व्हॅलेंटाइन डे आला, वाढदिवस आला, की मोबाइलवर दुसऱ्यांचे फोटो दिसतात आणि इकडे नवऱ्याच्या छातीवर दडपण येते. मग एक तर कर्ज काढून एकदा जायचे, नाहीतर वर्षभर कुठेच जायचे नाही. मला हे दोन्ही चुकीचे वाटते.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये ३,००० हून अधिक विवाहित आणि घटस्फोटित लोकांची माहिती तपासली. लग्नावर आणि अंगठीवर फार खर्च करणाऱ्यांची लग्ने जास्त टिकली असे काही आढळले नाही. उलट अनेक ठिकाणी मोडण्याचे प्रमाणच जास्त दिसले. मात्र लग्नानंतर जी जोडपी दोघेच फिरायला गेली, त्यांची लग्ने अधिक टिकलेली दिसली, मग त्या फिरण्यावर किती का खर्च झालेला असेना. अशा पाहणीवरून 'यामुळेच ते झाले' असे ठामपणे म्हणता येत नाही, हे मी डॉक्टर म्हणून जाणतो. शिवाय ती माणसे अमेरिकेतली. पण आपल्या आजी-आजोबांना विचारले तर तेही हेच सांगतील. जत्रेला पायी गेल्याच्या आठवणी त्यांना पन्नास वर्षांनंतरही येतात.

म्हणून त्या जोडप्याला मी डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर आणखी एक गोष्ट लिहून दिली : 'आठवड्यातून एकदा, दोन तास, दोघांनीच.' नवऱ्याची गुरुवारी सुट्टी असे. मी म्हटले, या गुरुवारी लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेण्यांपर्यंत चालत जा.

आपल्याकडे अशा जागांना तोटा नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा या स्टेशनांमध्ये ये-जा करायला आजही माणशी पाच-दहा रुपयेच पडतात. गाड्या मात्र मोजक्या आहेत, तेव्हा परतीची वेळ पाहून निघावे. मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ला. भाज्याला २२ लेणी आहेत, बावीसशे वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली. त्यातल्या एका विहारात एक बाई तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, असे शिल्प आहे. ते शोधून काढायचे काम मी त्या दोघांना दिले होते. कार्ल्याला तर बहुतेक घरांचे जाणे-येणे आहे, ते एकवीरा आईसाठी. पण देवीचे दर्शन घेऊन आपण तसेच पायऱ्या उतरतो. शेजारच्या मोठ्या चैत्यात, दाराच्या भिंतीवर, स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्या सुमारे दोन हजार वर्षे तिथे उभ्या आहेत. आत खांबांवर हत्तींच्या पाठीवर बसलेली जोडपीही आहेत. वर मान करून पाहिले तर छताच्या लाकडी कमानीही त्याच काळातल्या. लेण्यांचे तिकीट नाममात्र आहे. कामशेतहून जवळ असलेल्या बेडशाच्या लेण्यांतही खांबांच्या माथ्यावर घोड्या-बैलांवर बसलेली जोडपी आहेत, आणि तिथे गर्दीही फार नसते. संसार सोडलेल्या भिक्खूंच्या जागीसुद्धा कारागिरांनी नवरा-बायकोला मानाने जागा दिली. आपण मात्र आपल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना एक कोपरा देत नाही.

ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनी चढू नये. तळेगावकरांनी संध्याकाळी तळ्याच्या बाजूला फिरावे. वडगावकरांनी १७७९ च्या लढाईच्या आठवणीने उभारलेल्या महादजी शिंदे यांच्या स्मारकापाशी बसावे. इंदोरीकरांना भंडारा डोंगर आहे. लोणावळ्यात शनिवार-रविवारची गर्दी नको असेल, तर मंगळवार-बुधवारची सकाळ बघावी. गाव आपलेच असल्यासारखे वाटते. गुडघे चांगले असलेल्यांनी हिवाळ्यात लोहगड करावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात आपला लोहगड आहे. आणि काहीच जमले नाही, तर रात्री जेवण झाल्यावर गावाबाहेरच्या रस्त्याने अर्धा तास चालावे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तो दोघांनी मिळून केला तर रक्तातली साखर आणि मनातली अढी दोन्ही खाली येतात.

खाण्याचे म्हणाल तर घरून डबा न्यावा. भाकरी, पिठले, ठेचा आणि कांदा. झाडाखाली बसून खाल्लेली भाकरी हॉटेलातल्या जेवणाला हार जात नाही. पावसात एक भाजलेले मक्याचे कणीस दोघांत घ्यावे. कणीस भज्यांपेक्षा बरे, हे डॉक्टर म्हणून सांगतो. महिन्यातून एकदा चार भजी खाल्लीत तर मी रागावणार नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. चढताना छाती भरून आली, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम आला, तर तिथेच थांबावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत.

पहिले, वार ठरवावा. 'जमेल तेव्हा जाऊ' म्हणणारे कधीच जात नाहीत. दुसरे, मोबाइल पिशवीत ठेवावा. घरच्यांचा फोन आला तर घ्यावा, पण फोटो एकच काढावा आणि तोही परत निघताना. तिसरे, पहिला अर्धा तास पैसे, मुलांचे मार्क आणि सासर-माहेर हे विषय काढू नयेत. मग बोलायचे काय, असे पुष्कळ जण मला विचारतात. लहानपणचे बोला, शाळेतले बोला, तुम्ही पहिल्यांदा एकमेकांना पाहिलेत त्या दिवशी मनात काय आले होते ते बोला. सुचले नाही तर गप्प चाला, तेही चालते. चौथे, खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवावी, शंभर असो की दोनशे. खिशाला भार नसला की मन मोकळे राहते.

पावसाळ्याचे पथ्य वेगळे सांगतो, कारण ते जिवाशी आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. सहलीलाच आले होते. पाणी एकाएकी वाढले आणि मधल्या खडकावर ते अडकले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. डोंगरात वर पडलेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही. पाणी मात्र क्षणात येते. म्हणून पावसात धबधब्याच्या प्रवाहात उतरू नये, शेवाळलेल्या खडकावर किंवा कड्याच्या टोकावर उभे राहू नये आणि बंदीचा फलक म्हणजे आपल्याला सोडून इतरांसाठी आहे असे समजू नये. धबधबा लांबून पाहिला तरी तितकाच देखणा दिसतो.

आता थोडे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. सासूबाई, मामंजी, रागावू नका. तुमच्या सुनेला आठवड्यातले दोन तास नवऱ्याबरोबर बाहेर जाऊ द्या. तेवढा वेळ नातवंड सांभाळा. ती परत आल्यावर 'फिरून झालं का?' असे घालून पाडून बोलू नका. तुम्हाला तुमच्या काळात हे मिळाले नाही, हे मला माहीत आहे. दवाखान्यात साठीच्या बायका मला ते सांगतात आणि सांगताना त्यांचे डोळे भरतात. पण आपल्याला मिळाले नाही म्हणून पुढच्यांनाही मिळू नये, हा न्याय नव्हे. सून हसत घरात आली तर तुमची भाकरीही गोल येईल. आणि तुम्हीसुद्धा जा की दोघे! तुमच्या वयाला मोकळ्या हवेतले चालणे जास्त लागते.

ज्यांची मुले-मुली लग्नाच्या आहेत, त्यांनाही एक सांगणे आहे. लग्न ठरले की हॉल, बँडबाजा, फोटोवाला यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. त्या दोघांना मात्र चार वेळा मोकळेपणाने बोलायला मिळत नाही. त्यांना एकत्र चालू द्या, बोलू द्या. एकमेकांना राग कसा येतो, पैसा कसा सांभाळतात, आजारी माणसाशी कसे वागतात, हे हॉलच्या सजावटीवरून कळत नसते. आणि डोंगरावर, बागेत कोणी सज्ञान जोडपे शांतपणे बसलेले दिसले, तर त्यांना हटकण्याचे काम आपल्याला कोणी दिलेले नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला लग्नाला सहा वर्षे झालेली असताना दोघा-तिघा टवाळांनी 'मंगळसूत्र कुठे आहे?' म्हणून अडवले. त्यानंतर ती बाई पुन्हा फिरायला गेलीच नाही. हे आपल्या गावाला शोभणारे नाही.

एका गोष्टीत गैरसमज नको. जिथे मारहाण आहे, दारूपायी घर उद्ध्वस्त होते आहे, तिथे 'फिरायला जा' हा सल्ला मी देत नाही. तिथे त्या बाईला मदत हवी असते. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. मन सतत उदास राहते, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर ते फिरण्याने जाणारे दुखणे नव्हे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा आणि डॉक्टरांना भेटावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेवटी माझी स्वतःची कबुली. लोकांना शहाणपण सांगणारा हा डॉक्टर पंचवीस वर्षे सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात बसला आणि बायकोला म्हणत राहिला, 'जरा बस्तान बसू दे, मग जाऊ.' लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मी तिला एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. समोरासमोर बसलो आणि मला बोलायला विषय सुचेना. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मला बरेच वाटले. घरी येताना ती म्हणाली, "इतक्या महागाचं जेवण कशाला? तुम्ही माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला असतात तरी मला चाललं असतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून बुधवारची संध्याकाळची वेळ मी बंद केली. काही पेशंट नाराज झाले, थोडे उत्पन्नही गेले. आम्ही दोघे इंद्रायणीच्या कडेने चालतो, टपरीवर एक कटिंग दोघांत घेतो आणि परत येतो. तिचे माहेरचे नाव मला पाठ होते, पण तिला लहानपणी पोहता यायचे, हे मला लग्नानंतर सव्वीसाव्या वर्षी कळले.

त्या तरुण जोडप्याचे काय झाले, ते राहिले. महिन्याभराने ती गोळ्या न्यायला आली. डोकेदुखी पुष्कळ कमी होती, हिमोग्लोबिन १०.५ वर गेले होते. हा गुण लोहाच्या गोळ्यांचा की भाजे लेण्यांच्या पायऱ्यांचा, ते मी सांगू शकत नाही. तबला वाजवणारी बाई सापडली का, असे विचारले तर म्हणाली, "यांना नाही दिसली, मी दाखवली." आणि हसली. दोघांचा मिळून खर्च किती झाला, हेही मी विचारले. तिकिटे आणि चहा धरून शंभर रुपयांची नोटही मोडली नव्हती.

वाचकहो, या आठवड्यातला एक वार आजच ठरवा. आणि हा लेख वाचून झाला की वर्तमानपत्र बाजूला ठेवून आत जा आणि ज्या माणसासाठी तो वार ठरवला आहे, त्याला तो सांगा.